दुसऱ्या महायुद्धात भारत : रणांगण, कारखाना आणि उधारीची वही

बॉइज होस्टेलच्या लॅनवर रात्री दोन वाजता दुसरं महायुद्ध चालू असतं, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. (रेक्टर सरांनाही माहीत असावं, फक्त ते बोलत नाहीत.) त्या गेममध्ये कोणी अमेरिकन होतो, कोणी ब्रिटिश, कोणी रशियन. कोणी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरतो, कोणी स्टालिनग्राडच्या पडक्या घरांतून पळतो. पण भारतीय शिपाई होऊन कोणी खेळल्याचं मी तरी आमच्या कॉलेजात ऐकलेलं नाही. आणि खऱ्या युद्धात मात्र आपले पंचवीस लाख लोक होते!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या हिस्टरीच्या पुस्तकात 'सेकंड वर्ल्ड वॉर' हा एक चॅप्टर होता आणि 'क्विट इंडिया' हा दुसरा. पहिल्यात हिटलर आणि चर्चिल, दुसऱ्यात गांधीजी आणि गोवालिया टँक. दोन्ही एकाच वेळी, एकाच देशाच्या अंगावरून जात होते हे परीक्षेत कोणी विचारलं नाही, म्हणून आम्हीही विचारलं नाही. या वर्षी मासिकासाठी विषय शोधताना लायब्ररीत बसले आणि या दोन चॅप्टरच्या मधली जागा वाचायला लागले. वाचून माझं जे मत झालं ते आधीच सांगून टाकते. लढणारा शिपाई, रात्रपाळीत चालणारा कारखाना आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ हे आपण तीन वेगळे विषय म्हणून शिकतो. ते वेगळे नाहीत. एकाच मशीनचे ते तीन पार्ट आहेत आणि एक फिरला की बाकीचे दोन फिरणारच.

सुरुवात अशी झाली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जाहीर केलं की भारत जर्मनीशी युद्धात आहे. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. प्रांतांमध्ये निवडून आलेली सरकारं होती, ती बाजूलाच राहिली. याच मुद्द्यावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी त्या वर्षअखेरीपर्यंत राजीनामे दिले. त्या वेळी इंडियन आर्मीत साधारण दोन लाख माणसं होती. १९४५ साली ती पंचवीस लाखांवर गेली. सक्तीची भरती नव्हती, म्हणून जगातली सर्वात मोठी स्वयंसेवी फौज असं तिचं वर्णन करतात.

'स्वयंसेवी' हा शब्द मात्र थोडा जपून वापरायला हवा. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जायची रीत होती, काहींना फॅसिझमविरुद्ध लढायचं होतं, हे खरंच आहे. पण पाऊस पाण्याचा भरवसा नसलेल्या गावातल्या पोराला महिन्याला पगार, दोन वेळचं जेवण आणि अंगावर धड कपडे मिळत असतील, तर त्याने स्वेच्छेने सही केली म्हणजे नक्की काय? इंग्रजांनी आधी 'लढवय्या जाती' म्हणून ठरवलेली एक यादी होती. माणसं कमी पडायला लागल्यावर ती यादी गुंडाळून ठेवावी लागली. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट नव्याने उभी राहिली. पहिल्या महायुद्धात महारांची पलटण होती, ती १९२१ मध्ये मोडून टाकलेली. डॉ. आंबेडकर तिच्यासाठी सतत मागणी करत होते.

ही फौज गेली कुठे कुठे? यादी वाचून मला ॲटलास काढावा लागला. अगदी पहिल्यांदा फ्रान्सला गेले ते भारतीय खेचरांचे काफिले. ब्रिटिश सैन्य मोटारींवर आलेलं, तिथल्या चिखलात आणि बर्फात गाड्या अडायला लागल्या म्हणून खेचरं मागवली! डंकर्कच्या माघारीत त्यातली माणसं बोटीत चढली, खेचरं तिथेच राहिली. पुढे इजिप्त, लिबिया, एरिट्रिया, सीरिया, इराक, इराण, मलाया, ब्रह्मदेश, इटली. एरिट्रियात केरेन नावाचं डोंगरांनी वेढलेलं गाव आहे. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे वरून इटालियन आणि खालून उघड्या उतारावर चढणारे भारतीय असं जवळजवळ दोन महिने चाललं. त्यात आपले मराठे होते.

आपल्या सगळ्यांना जवळचं वाटेल असं एक नाव आधी घेते. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सचे अधिकारी, म्हणजे खडकीला जो बॉम्बे इंजिनिअर ग्रुप आहे त्याचे. सॅपर म्हणजे सैन्यातला इंजिनिअर. पूल बांधतो, रस्ता करतो, सुरुंग काढतो. १९४१ च्या जानेवारी अखेरीस सुदानच्या हद्दीवरून शत्रू मागे हटला आणि जाताना रस्ताभर सुरुंग पेरत गेला. भगत यांनी सलग चार दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, ५५ मैलांच्या रस्त्यावरचे १५ सुरुंगपट्टे शोधून मोकळे केले. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, बरोबरची माणसं गेली. तिसऱ्या वेळी कानाचे पडदे फाटले तरी ते काम सोडायला तयार नव्हते. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय. आपल्याला वर्कशॉपमध्ये गॉगल लावायचा कंटाळा येतो.

दुसरं नाव यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातलं, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं, माणगावजवळचं पळसगाव हे त्यांचं गाव. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, उरले ते एकटे. ते थांबले नाहीत. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला मारलं, मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हणून तीच बंदूक दांडक्यासारखी धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून त्याच ठिकाणी पडले. वय बावीस. आपल्या लास्ट इयरच्या मुलांएवढं. त्यांचा देह मिळाला नाही, म्हणून कबर नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. इकडे माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये तिकडे माँटोने गावात त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं, तेही सूर्यतबकडीच्या रूपात.

पुढच्या वर्षी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग परत जाऊन तीन मशीनगनचे मोर्चे बंद केले, हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून नुसत्या ग्रेनेडवर. शेवटी बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांच्या जयघोषात बाकीच्यांना हाक दिली. ते तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. घाडगेंसारखे ते तिथे पडले नाहीत, व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन घरी आले.

आता जरा पूर्वेकडे. मला विचाराल तर या युद्धात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने वाचावं असं प्रकरण म्हणजे इम्फाळ-कोहिमा. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि लढाई थेट आसामच्या दारात आली. तिथपर्यंत सामान न्यायचं कसं? कलकत्त्याहून ब्रॉडगेज निघते, मध्येच मीटरगेज सुरू होते. म्हणजे प्रत्येक पोतं, प्रत्येक तोफगोळा एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा. पुढे ब्रह्मपुत्रा. तिच्यावर पूलच नव्हता (गुवाहाटीचा सराईघाट पूल १९६२ चा), त्यामुळे वाघिणी बोटीवर चढवून पलीकडे न्यायच्या. चहाच्या मळ्यांसाठी टाकलेली ही रेल्वे, तिच्यावर आता दोन सैन्यांचा भार. १९४४ च्या मार्चपासून तिचा मोठा भाग अमेरिकन सैन्याच्या रेल्वे तुकड्यांनी चालवायला घेतला. कलकत्त्याजवळच्या बजबजहून आसामपर्यंत तेलाची पाइपलाइन टाकली. आणि डोंगरातले रस्ते मळ्यांतल्या मजुरांनी, बायाबापड्यांनी फावडी-टोपल्यांनी केले. त्यांची नावं कुठल्याही स्मारकावर मला सापडली नाहीत.

दिमापूर हे रेल्वेचं मोठं ठाणं. तिथून डोंगरात वर कोहिमा, त्याच्या पुढे इम्फाळ. दिमापूर पडलं असतं तर पुढची सगळी रेल्वे तुटली असती, म्हणून कोहिमाची टेकडी एवढी महत्त्वाची. जपानी सैन्य डोंगर ओलांडून येत असताना सांगशाक नावाच्या नागा गावात आपल्या पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडने त्यांना जवळजवळ आठवडाभर अडवलं. त्या ब्रिगेडबरोबर चौथी मराठा बटालियन होती. पाणी नाही, तारेचं कुंपण नाही, खडकामुळे खंदक खोल जात नाहीत. तो आठवडा मिळाला म्हणून मागे तयारीला वेळ मिळाला. जपानी सेनापती मुतागुची यांनी साधारण तीन आठवड्यांचंच अन्न घेऊन माणसं पाठवली होती; इम्फाळचे डेपो जिंकून तिथलं खायचं असा हिशोब. डेपो हाती आले नाहीत, पावसाळा आला. साधारण पंच्याऐंशी हजारांतून निम्म्याहून जास्त माणसं त्यांनी गमावली, त्यात भूक आणि रोगाने गेलेले फार. उलट वेढ्यातल्या इम्फाळला महिनोन्‌महिने विमानाने रसद मिळत राहिली, एक अख्खी डिव्हिजन अराकानहून विमानाने उचलून आणली गेली. लढाई शौर्याने जिंकतात हे खरंच, पण त्या शौर्याच्या पोटात काहीतरी पडावं लागतं.

आणि इथेच मन दोन्हीकडे ओढलं जातं. कारण इम्फाळच्या समोरच्या बाजूलाही भारतीय होते. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, तिथे हजारो भारतीय सैनिक कैद झाले. त्यांच्यातून आझाद हिंद सेना उभी राहिली, १९४३ मध्ये नेताजींनी तिची सूत्रं घेतली. इकडे आपल्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं पत्री सरकार चालू होतं. ज्या जिल्ह्याने पलटणींना पोरं दिली त्याच जिल्ह्याने ब्रिटिश राज्याच्या छाताडावर बसून स्वतःचं सरकार चालवलं. यातला देशभक्त कोण, असा वाद आमच्या रूमवर दोन रात्री झाला. माझं मत असं की घाडगेंनी जे केलं ते बरोबरच्या माणसांसाठी केलं. लंडनमध्ये कोणी काय ठरवलं याचा हिशोब त्यांच्या माथी मारायचं कारण नाही. माझी रूममेट अजून पटवून घेत नाही.

एक तारीख मला विसरता येत नाही : १४ एप्रिल १९४४. त्या दिवशी कोहिमाला वेढा पडलेला होता. त्याच दिवशी मणिपूरमध्ये मोइरांग इथे आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. आणि त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उडालं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता. त्याच जहाजावर कराचीला कापसाच्या गाठी चढवलेल्या, शिवाय वंगणाची पिंपं आणि सोन्याच्या विटा. कापूस, तेल आणि स्फोटकं एका जहाजात! सेफ्टीच्या पेपरात हे कोणी लिहिलं तर सर शून्य देतील. पण युद्धात जहाजांची टंचाई होती, जी जागा मिळेल ती भरायची. दोनच्या सुमारास धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट आणि अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. कारखान्यांत आणि कॉलेजांत १४ एप्रिलला जो अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी. गोदीतलं धान्य जळालं, तेही अशा शहरात जिथे १९४३ च्या मेपासून रेशनिंग होतं.

आता कारखान्याकडे येते. सैनिकांसाठी सक्तीची भरती नव्हती असं वर म्हटलं, पण सक्ती एका वर्गावर होती. कोणावर? आपल्यावर! १९४० मध्येच सरकारने तांत्रिक माणसांसाठी वटहुकूम काढला. त्याने टर्नर, फिटर, मशिनिस्ट, इंजिनिअर यांना युद्धाच्या कारखान्यात कामाला लावायचा आणि तिथेच ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. शिपायापेक्षा लेथ चालवणारा दुर्मिळ होता. तंत्रशिक्षणाचे झटपट कोर्स काढले, काही शे कामगार ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवले. रेल्वेच्या वर्कशॉप्समधून डब्यांऐवजी युद्धाचं सामान निघू लागलं. खडकीला १९४० मध्ये स्फोटकांचा नवा कारखाना आला. जमशेदपूरला टाटांनी चिलखती पत्रा बनवला. कॅनडाहून आलेल्या फोर्डच्या चासीवर तो चढवून ज्या गाड्या निघाल्या त्यांना सैनिक 'टाटानगर' म्हणायचे. अशा चार हजारांहून अधिक झाल्या. बंगालच्या ज्यूटमधून वाळूच्या पिशव्या, कानपूरहून बूट आणि तंबू, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांतून गणवेशाचं कापड. आणि जे नवं बनवता येत नव्हतं ते उखडून पाठवलं. कांगडा खोऱ्यातल्या रेल्वेचा एक टप्पा १९४२ मध्ये काढला तो १९५४ मध्ये पुन्हा टाकला.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. चासी कॅनडाची, इंजिन बाहेरचं, आपला फक्त पत्रा. युद्ध संपेपर्यंत भारतात मोटारीचं किंवा विमानाचं इंजिन बनलं नाही. बनवू इच्छिणारे नव्हते असं नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद, ज्यांचं नाव सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे, मोटारीचा कारखाना काढायला कधीचे मागे लागले होते. सरकारने साथ दिली नाही. विमानासाठी त्यांनी विल्यम पॉली या अमेरिकन माणसाला गाठलं, म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं आणि १९४० च्या डिसेंबरमध्ये बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली. पुढच्या वर्षी तिथे जोडलेलं पहिलं विमान उडालंही. पण १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ पासून तिथे अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती चालू झाली. विमानं बनवायला काढलेला कारखाना गॅरेज झाला. तरी मी याला फुकट गेलं म्हणणार नाही. त्या दुरुस्तीवर हात बसलेली माणसं पुढे एचएएलला मिळाली. सीएसआयआर ही संस्थासुद्धा १९४२ चं अपत्य. डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली, कारण बाहेरून येणारी केमिकल्स बंद झाली होती.

कोळशाशिवाय यातलं काहीच चालत नाही. १९४३ मध्ये कोळसा कमी पडला, कारण खाणीतले मजूर विमानतळ-रस्त्यांच्या लष्करी कामांवर जास्त मजुरीसाठी निघून गेले. मग बायकांना जमिनीखाली कामाला न उतरवण्याचा जो नियम होता तो सरकारने उठवला. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री तेव्हा डॉ. आंबेडकर होते. त्यांना हा निर्णय असेंब्लीत तात्पुरती निकड म्हणून मांडावा लागला. १९४६ मध्ये बंदी परत आली. मुलगी म्हणून हे वाचताना वाटलं, युद्धातल्या स्त्रिया म्हटलं की आपण नर्सचा पांढरा ड्रेस डोळ्यांपुढे आणतो, काळ्या अंधारात टोपली घेऊन उतरणारी बाई नाही.

आणि एक चांगली गोष्ट सांगायची राहू नये : याच काळात रशियातून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ राहिले.

आता मुख्य प्रश्न. या सगळ्याचे पैसे कोणी दिले? हे मला समजायला सर्वांत वेळ लागला, म्हणून मेसच्या उदाहरणाने सांगते. समजा आपल्या मेसमध्ये रोज शंभर पाहुणे जेवायला येतात. ते पैसे देत नाहीत, वहीत सही करतात, 'बाकी'. मेसवाल्याने भाजीवाल्याला, किराणावाल्याला काय द्यायचं? तो कूपनं छापून देतो. वहीतली बाकी आहे ना, मग कूपन पक्कं! कूपनं वाढत जातात, चपात्या तेवढ्याच, आणि त्यातल्या निम्म्या पाहुण्यांच्या ताटात. महिनाअखेरीला तुमच्या हातात कूपन असतं पण चपातीचा भाव तिप्पट झालेला असतो. आणि ज्याच्याकडे कूपनच नाही तो उपाशी.

भारताचं तेच झालं. परदेशात वापरलेल्या फौजेचा आणि तिकडे गेलेल्या मालाचा खर्च ब्रिटनने द्यायचा असा करार होता. ब्रिटन तो पौंडात, लंडनमध्ये, रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर जमा दाखवायचं, आणि त्या जमेच्या आधारावर इथे बँक रुपयाच्या नोटा छापायची. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटींच्या नोटा चलनात होत्या, युद्ध संपलं तेव्हा १,२०० कोटींच्या आसपास. घाऊक किमती जवळपास अडीच पट. नाणी बघितली तरी कळतं : १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, एक रुपयाची नोट परत आली, आणि १९४३ पासून तांबं वाचवायला भोकाचा पैसा निघाला. कोणाच्या आजीच्या डब्यात असेल तर बघा.

आणि कूपन नसलेला कोण, तर बंगालचा शेतमजूर, कोळी, कुंभार. ब्रह्मदेश गेल्यावर तिकडचा तांदूळ थांबला. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये मिदनापूरला चक्रीवादळ झालं. जपानी उतरले तर त्यांच्या हाती लागू नये म्हणून सरकारने किनारपट्टीचा जादा तांदूळ उचलला आणि दहापेक्षा जास्त माणसं बसतील अशा होड्या जप्त केल्या, मोडल्या. त्या मुलखात होडी म्हणजे बैलगाडी, बाजार आणि मासेमारी सगळं. दुसरीकडे कलकत्त्याच्या युद्धोपयोगी कारखान्यांतल्या कामगारांना ठरलेल्या स्वस्त भावात धान्य मिळेल अशी सोय केली, म्हणजे ते धान्य खेड्यांतून ओढलं गेलं. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात मणाला तेरा-चौदा रुपयांचा तांदूळ मेमध्ये तीस रुपयांच्या वर गेला. मजुरी मात्र होती तिथेच. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात आकडे मांडून दाखवलं की १९४३ मध्ये बंगालमध्ये उपलब्ध तांदूळ १९४१ पेक्षा कमी नव्हता. होता, पण विकत घेता येत नव्हता. लंडनकडे धान्याची जहाजं मागितली, मिळाली ती फार थोडी आणि उशिरा. ऑक्टोबरमध्ये वेव्हेल व्हाइसरॉय झाले तेव्हा कुठे लष्कराच्या गाड्या धान्य वाटायला लागल्या. बहुतेक अभ्यासक वीस ते तीस लाख मृत्यू धरतात. रणांगणावर गेलेल्या भारतीय सैनिकांची कॉमनवेल्थच्या नोंदीतली संख्या सुमारे ८७,००० आहे. दोन आकडे शेजारी लिहून बघा.

म्हणून 'भारताने युद्धाला मदत केली' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. मदत विचारून घेतात.

राहिली ती वही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९४३ च्या ऑगस्टमध्ये खुर्चीवर बसले, म्हणजे दुष्काळ ऐन भरात असताना. तेही कुलाबा जिल्ह्याचेच, महाडजवळच्या नाते गावचे. घाडगेंचं पळसगाव तिथून लांब नाही. युद्धाआधी भारत ब्रिटनचा कर्जदार होता. ते कर्ज फिटलं आणि युद्ध संपेपर्यंत उलट ब्रिटनच भारताचं सुमारे १३० कोटी पौंडांचं देणं लागत होतं. देणं फेडायची वेळ आली तेव्हा तिकडे सूर निघाला की भारताचं रक्षण आम्हीच केलं, थोडं सोडून द्या. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत भारतीय प्रतिनिधींनी, त्यात देशमुख होते, हा प्रश्न मांडून बघितला. तिथे तो घेतला गेला नाही. पण बाकी बुडवू दिली नाही एवढं खरं. १९४८ च्या करारात त्यातले दहा कोटी पौंड ब्रिटनने इथे मागे ठेवलेल्या युद्धसामानाची किंमत म्हणून वळते झाले आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठी आणखी मोठी रक्कम गेली. १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, तेव्हा डॉलरच्या हिशोबात उरलेली बाकी आणखी आक्रसली. जे राहिलं ते हप्त्याहप्त्याने मिळत गेलं आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत पोलाद कारखान्यांची मशिनरी मागवताना १९५८ पर्यंत जवळजवळ संपलं. तेव्हा देशमुख अर्थमंत्री नव्हते. १९५६ च्या जुलैमध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता.